पाठीवरचा पाय

हळद शिजायला लागली की वास यायच्या आधी माझी छाती आवळते. हे शास्त्रात बसतं की नाही मला माहीत नाही, पण होतं असंच. शिवारात कुणाचा तरी हळदीचा कुकर लागतो, वाफ चढते, वारा गावाकडे वळतो आणि मी मशीनवर ब्लाऊजची बाही लावता लावता थांबते. बरगड्यांच्या भोवती, पुढून, मागून, काखेखालून कुणीतरी पट्टा घातल्यासारखं होतं आणि मग तो पट्टा एकेक भोक पुढं ओढला जातो. थोड्या वेळानं वास येतो, ओल्या मातीचा आणि उकडलेल्या मुळांचा, उग्र, नाकात बसणारा. आष्ट्याकडे माघ संपत आला की हा वास वाळत घातलेल्या कपड्यांत येतो, पाण्याच्या माठात येतो, चहातसुद्धा येतो. यंदाही आला. मी कात्री खाली ठेवली आणि सवयीनं उंबऱ्याकडे बघितलं.

उंबऱ्यावर कुणी नव्हतं. गेल्या वर्षीपासून नसतंच.

मी साताऱ्याची. लग्न होऊन इथं आले तेव्हा हळद म्हणजे माझ्या लेखी डब्यातली चमचाभर पूड होती. इथं बघते तर हळदीचे ढीग, हळदीचे ट्रॅक्टर, हळदीनं पिवळी झालेली कुत्री. काढणीच्या दिवसांत बायका रानात ओळीनं बसून कांड्या मोडायच्या, त्यांच्या नखांची कड पार पावसाळ्यापर्यंत पिवळी राहायची. शिजलेली हळद खळ्यावर पसरली की तिच्यावरून अनवाणी चालत ती पायानं उलटायची, हे काम घरातल्या बायकांचं. मग पॉलिशच्या ड्रमचा खडखडाट. आधी काळपट, वेडीवाकडी दिसणारी हळकुंडं त्या ड्रममधून बाहेर यायची ती एकदम लग्नाला निघाल्यासारखी. आणि लग्नंही नेमकी त्याच दिवसांत. गावभर हळद, नवऱ्यामुलींच्या अंगाला हळद आणि माझ्या दारात ब्लाऊज शिवून घेणाऱ्यांची गर्दी. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या, समोर कुणाची तरी होणारी सून हात वर करून उभी. छाती, कंबर, बाही, पाठीचा गळा. छातीचं माप घेताना मी म्हणायची, "श्वास सोड गं पोरी, धरून ठेवलास तर लग्नात हुक तुटतील." पोरी हसायच्या. तेव्हा मी दुसऱ्याच्या छातीभोवती टेप आवळत होते, एवढंच.

मग मला एमेस झालं. मल्टिपल स्क्लेरॉसिस हे नाव इथं कुणाच्या तोंडात बसत नाही, त्यामुळं सगळे एमेसच म्हणतात, आणि ते अशा सुरात म्हणतात की मी कुठलीतरी पदवी घेऊन आले. "फौजीची बायकू एमेस हाय," असं एकानं पाहुण्याला सांगितलेलं मी स्वतः ऐकलंय. पाहुण्यानं विचारलं, "कुटल्या कॉलेजात?" फौजी म्हणजे माझे मालक. पलटणीतून हवालदार होऊन परत आले, ऊस आणि हळद करतात, आणि अजून सगळ्यांशी जवानाशी बोलल्यासारखं बोलतात.

आधी एक डोळा धूसर झाला. तो परत आला. मग उजव्या हाताची बोटं गेली, म्हणजे जागेवर आहेत, पण सुई धरली की सुई धरलीये हे डोळ्यांनी बघावं लागतं. मग पाय. पायांना थंड-गरम कळेनासं झालं. चप्पल कुठं निघून पडली ते दुसऱ्यानं सांगावं लागतं. सांगलीच्या मेंदूच्या डॉक्टरांनी फोटो काढला, मणक्यातून पाणी काढलं आणि समजावून सांगितलं की शरीर आपल्याच नसांवरचं आवरण खातंय, त्यामुळं निरोप नीट पोचत नाहीत, कधी चुकीचे पोचतात. माझा डावा हात तेवढा इमानी राहिला. कापडाचा पोत मी अजून डाव्या हातानं ओळखते, खण कुठला, सुती कुठलं, ओलसर कुठलं आणि कोरडं कुठलं.

हे सगळं मी पचवलं. खरंच पचवलं. चालायला काठी घेतली, मशीनला मोटर लावून घेतली, बारीक हुकांचं काम सोडून दिलं. पण छातीचं दुखणं आलं आणि मी मोडले.

पहिल्यांदा आलं ते अशाच दिवसांत. खळ्यावर हळद पसरलेली, ऊन चढलेलं, मी पाण्याची कळशी घेऊन उभी, आणि एकदम श्वास अर्ध्यावर अडकला. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवावी तसं छातीभोवती काहीतरी बसलं. मला वाटलं, संपलं. फौजींनी मला उचलून गाडीत टाकलं आणि गाडी अशी चालवली की मागं बसलेल्या सासूबाई दुखण्यापेक्षा गाडीलाच जास्त भ्यायल्या. सांगलीला छातीला वायरी लावल्या, कागद निघाला, रक्त घेतलं. सगळं नॉर्मल. तरुण डॉक्टर म्हणाले, "गॅसेस असतील. काही टेन्शन आहे का? घरात कुणाचा त्रास?"

सासूबाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी पदर सावरला आणि डॉक्टरांकडे असं बघितलं की बिचारे परत कागदात शिरले.

"मलाच इचारतोय व्हय त्यो?" बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या. "मी काय तरास दिला गं तुला?"

"नाही हो आत्ती." आमच्याकडे सासूला आत्तीच म्हणतात.

"मंग सांगायचं न्हाई का तितं? का गप बसलीस?"

छातीतून कळ जात होती आणि मला हसू येत होतं.

दुसऱ्यांदाही नॉर्मल. नंतरही नॉर्मल. मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं की हे एमेसमुळं असू शकतं, मणक्यातल्या नसा बरगड्यांच्या स्नायूंना खोटे निरोप देतात आणि ते आवळतात, उन्हानं, गरमीनं, दमणुकीनं वाढतं. असू शकतं, म्हणजे आहेच असं नाही. आणि वर म्हणाले, "पण बाई, एमेस आहे म्हणून हार्ट ॲटॅक येणार नाही असं काही नसतं. वेगळं वाटलं तर तपासून घ्यायचं." वेगळं म्हणजे कसं, हे मी त्यांना विचारलं. त्यांनी घाम, जबडा, डावा हात असं बरंच सांगितलं. मी मान डोलावली. ज्या बाईला आपली चप्पल पायात आहे की नाही हे कळत नाही, तिनं आपल्या छातीतलं खरं कुठलं आणि खोटं कुठलं हे ओळखायचं, असा तो उपाय होता.

नॉर्मल या शब्दाएवढा राग मला दुसऱ्या कशाचाच आला नसेल. गल्लीत तो माझ्या आधी पोचायचा. "समदं नॉर्मल हाय म्हनं." म्हणजे काय ते त्यांच्या डोळ्यांत दिसायचं. हळदीच्या दिवसांत काम पडतं, सूनबाईची छाती दुखते, रिपोर्ट नॉर्मल येतो. कुणी तोंडावर सोंग म्हणालं नाही. पण मी शिंपीकाम करते, कुठं टाका उसवलाय ते मला लांबूनही दिसतं.

एकदा तर मी कळ चालू असताना गळ्यातला टेप काढून स्वतःच्याच छातीभोवती गुंडाळला. एवढं आवळतंय म्हणजे निदान अर्धा इंच तरी आत गेलं असेल, असं वाटलं. नव्हतं गेलं. माप तेच होतं. मी टेप तसाच धरून आरशासमोर बसले आणि हुंदके देऊन रडले, कारण आता टेपही म्हणत होता की नॉर्मल.

या सगळ्यात एका माणसानं माझा रिपोर्ट कधी मागितला नाही. ती म्हणजे आत्ती.

आत्ती पायाळू. म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेली. अशा माणसाचा पाय पाठीला लागला की उसण उतरते, असं आमच्या भागात मानतात. श्वास घेताना पाठीत किंवा छातीत चमक भरली, ओझं उचलताना काहीतरी धरलं, की माणसं सकाळी सकाळी आमच्या दारात यायची. आत्ती त्यांना पाठमोरं उंबऱ्याशी बसवायची, स्वतः उंबऱ्यावर उभी राहून चौकटीला धरायची आणि डावा पाय तीनदा पाठीवर ठेवायची. लाथ म्हणत, पण ती लाथ नसायची. पाय ठेवायचा, दाबायचा, उचलायचा. बदल्यात चहाही घ्यायची नाही. येणाऱ्यांत पैलवान असायचे, मास्तर असायचे. एक बँकेचे साहेबही आले होते, बूट दाराबाहेर काढून आणि कुणी बघत नाही ना याची खात्री करून. फौजींना हे आवडायचं नाही. "आई, ये क्या तमाशा लावलाय रोजचा," असं हिंदी-मराठी मिसळून ओरडायचे. पण ऊस भरताना स्वतःची पाठ धरली, तेव्हा गुपचूप उंबऱ्याशी येऊन बसलेले मी पाहिलेत.

पायाळू माणसावर वीज पडते म्हणतात. म्हणून लहानपणी ढग भरून आले की आत्तीला घरात कोंडायचे. म्हातारपणीही वळवाचा पहिला गडगडाट झाला की ती वाळत घातलेली हळद, आमची धावपळ, सगळं सोडून आतल्या खोलीत जाऊन बसायची. एवढी धीट बाई, पण फक्त विजेला भ्यायची. छातीला कधी भ्यायली नाही.

माझं दुखणं तिच्या लेखी उसणच. सुरुवातीला तिनं शेक दिला, तव्यावर वीट तापवायची, फडक्यात गुंडाळायची आणि मायेनं माझ्या पाठीला लावायची. त्या शेकानं माझे पाय आणखी गळायचे, उभं राहता यायचं नाही. गरमीनं हा आजार वाढतो हे डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा ती माझ्यासमोर वीट उचलून परड्यात फेकून आली. मग फक्त पाय राहिला. जगात सासूची लाथ खायला आपण होऊन बसणारी सून मी एकटीच असेन. मी उंबऱ्याशी पाठ करून बसायची, आत्ती पाय ठेवायची आणि विचारायची, "हितं?"

"जरा वर."

"हितं हाय. लागतंय बग माज्या तळव्याला. कसं दगडावानी झालंय."

तिला खरंच काही लागायचं की नाही कोण जाणे. मला तिचा तळवा पाठीवर कळायचा. खरखरीत, भेगांचा, हळदीनं पिवळा आणि चांगला गरम. त्यानं दुखणं जायचं नाही. मी कधी गेलं असं म्हणाले नाही आणि तिनंही कधी विचारलं नाही. पण एवढ्या माणसांत एकीला माझं दुखणं पायाच्या तळव्यानं का होईना लागत होतं, आणि तेवढ्यावर मी त्या दिवसांतून पार व्हायची.

"कसं दुकतंय सांग की नीट," ती म्हणायची आणि मी सांगायची. पट्टा घातल्यासारखं. एकेक भोक पुढं ओढल्यासारखं. श्वास खालपर्यंत जात नाही असं. तिनं हे इतक्यांदा ऐकलं होतं की तिला पाठ झालं होतं. कुणी घरी आलं आणि माझ्याबद्दल विचारलं की मी तोंड उघडायच्या आत तीच सांगायची, माझ्याच शब्दांत.

गेल्या वर्षीच्या हळदीचं मला सगळं आठवतं आणि काहीच नीट आठवत नाही. खळं भरलेलं होतं. फौजी पॉलिश केलेली हळद घेऊन सांगलीला सौद्याला गेले होते. मी एका नवरीचा खणाचा ब्लाऊज घेऊन बसले होते, हिरवा, लाल काठाचा. दुपारी आत्ती खळ्यावरून आली. हळद उलटून आली होती, पाय घोट्यापर्यंत पिवळे. आत न येता उंबऱ्यावरच टेकली.

"रेके," ती म्हणाली, "तुजी उसण मला लागली बग."

आणि हसली. मीही हसले. "बरं झालं," मी म्हणाले, "आता माझी गेली का बघते."

"चेष्टा नगं गं. लय आवळतंय."

"कसं?"

"तू सांगतीस तसंच की. पट्टा घातल्यावानी. एकेक भोक वडल्यावानी."

मी ओळखलं. ओळखणारच, शब्द माझेच होते. इतकी वर्षं मी ते बोलत होते आणि प्रत्येक वेळी कागद नॉर्मल म्हणत होता. या घरात छातीला पट्टा बसतो तो काही वेळानं सुटतो, हे मी तिला शिकवलं होतं, सांगलीच्या डॉक्टरांनी मला शिकवलं होतं. मी तिला पाणी दिलं. म्हटलं, जरा सावलीत बसा, मलाही सावलीत बरं वाटतं. डॉक्टरांनी सांगितलेलं वेगळं वाटण्याचं सगळं मला पाठ होतं, पण ते माझ्यासाठी होतं. आत्तीला कधी काही होईल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. ज्या बाईच्या पायानं गावाची उसण उतरते तिला काय होणार?

लोकांची उतरवता उतरवता कधीतरी आपल्यालाच चढते, असं ती म्हणायची. तिच्या दृष्टीनं हिशेब बरोबर होता. इतक्या वर्षांची माझी उसण तिनं पायानं काढली, ती शेवटी तिच्यात आली. फक्त पायाळू माणसाला स्वतःच्या पाठीवर पाय ठेवता येत नाही.

"तू ठिव," ती म्हणाली.

"काय?"

"पाय ठिव तुजा. माज्या पाठीवर."

"आत्ती, मी काय पायाळू आहे का? आणि सुनेचा पाय सासूच्या पाठीवर? लोक काय म्हणतील?"

"लोक हाईत कुटं हितं? आन मी काय देव्हाऱ्यातली हाय व्हय? ठिव म्हंते न्हवं. तुला छातीचं कळतंय."

ती उंबऱ्यावरून खाली सरकून पाठमोरी बसली, लोक बसायचे तशी. मी काठी भिंतीला लावली, चौकटीला धरलं आणि उजव्या हातानं माझा पाय गुडघ्याखाली धरून वर उचलला, कारण आपण होऊन तो तेवढा उचलत नाही. घरभर हळदीची भुकटी होती, माझ्या तळव्यालाही होती. मी तो पाय तिच्या पाठीवर ठेवला. मी दाबलं की नाही मला सांगता येणार नाही, पाय जागेवर आहे की नाही हेही वाकून बघितलं.

"हां," आत्ती म्हणाली. "बरं वाटतंय गं."

मला इतकं बरं वाटलं तेव्हा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तिला काहीतरी देत होते. मी म्हणाले, "दगडासारखं लागतंय हो आत्ती, हितं आहे." खोटं होतं ते. माझ्या पायाला काहीच लागत नव्हतं. त्या पायाला गेली कित्येक वर्षं काहीच लागत नाही.

ती भिंतीला टेकून पडते म्हणाली. मी ब्लाऊजची बाही पुरी केली. मग तिच्या अंगावर ऊन आलं होतं म्हणून तिला आत घ्यायला वाकले आणि माझा डावा हात तिच्या पाठीला लागला. पाठ चिंब होती. उन्हातून आल्याचा घाम नव्हे, गार, बर्फासारखा गार घाम, ब्लाऊज अंगाला चिकटलेला. आणि त्या ओल्या ब्लाऊजवर माझा पाय उमटला होता. पिवळा, अख्खा, पाचही बोटांसकट. कोरड्या कापडावर हळदीची भुकटी अशी उमटत नाही, झटकली की जाते. मी पाय ठेवला तेव्हाच पाठ ओली होती. तेव्हाच गार होती. माझा पाय त्या घामावर ठेवलेला होता आणि त्यानं मला काही सांगितलं नाही.

शेजारच्यांची गाडी आली, माणसं आली. सांगलीच्या रस्त्यावर आत्ती गेली. फौजी समोरून हळदीची रिकामी गाडी घेऊन येत होते, ते वाटेत भेटले.

डॉक्टर म्हणाले, आधी आणलं असतं तरी सांगता येत नाही. ते बरे आहेत, बाकी काय म्हणणार? फौजी मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं वाटायचे दिवस गेले, आता मी त्यांच्या न बोलण्यालाही सरावले. आत्तीच्या अंगातला तो ब्लाऊज मीच शिवलेला होता. तो त्यांनी तिच्याबरोबर दिला की कुठं ठेवला, मी विचारलं नाही.

आणि आता परत हळद शिजतेय. परत पट्टा. मला कुणीतरी सांगा, मी हे कसं ओळखायचं? आधी मला एवढीच भीती होती की माझं कुणी खरं मानत नाही. आता मीच मानत नाही. कळ आली की आधी वाटतं, हे माझं नेहमीचं. लगेच वाटतं, आत्तीलाही ते माझं नेहमीचंच वाटलं होतं. मग मी डावा हात स्वतःच्या मानेवरून मागं घालून पाठ चाचपते. जितकी पोचते तितकी. कोरडी असली तरी विश्वास बसत नाही.

फौजींचं तर काय सांगावं? मी मशीन थांबवली की त्यांच्या हातात गाडीची किल्ली असते. "चल," म्हणतात. मी म्हणते, "अहो, नेहमीचंच आहे."

"आई बी हेच म्हणाली व्हती."

मग आम्ही जातो. वायरी, कागद, नॉर्मल. परत येताना ते गाडी हळू चालवतात आणि रस्त्याच्या कडेला मध्येच थांबवून उगीच टायर बघतात. तेव्हा ते काय करतात ते मला माहीत आहे, मी काचेतून दुसरीकडे बघते. ऐन हंगामात माणूस असा किती वेळा सांगलीला धावणार? म्हणून आता मी कळ आली तरी मशीन थांबवत नाही. मोटर फिरतेय, सुई चालतेय, तोंडावर काही नाही, आणि आतून श्वास अर्ध्यावर अडकलेला. रोज वाटतं, यातली एखादी कळ खरी असेल आणि मी तिच्यावर शिवण घालत बसलेली असेन. कधी कधी तर वाटतं, निघू दे एकदा त्या कागदात काहीतरी. वाकडं, मोठं, डॉक्टरांनी धावत यावं असं. मग मी सांगेन सगळ्यांना की बघा, हे होतं. असला विचार येतो आणि मग स्वतःची लाज वाटते, पण विचार जात नाही. मी दमलेय. हे मी आत्तीला सांगितलं असतं तर तिनं उंबऱ्याकडे बोट केलं असतं.

काल सकाळी दारात एक बाई येऊन उभी राहिली. शिराळ्याकडची, दरवर्षी हळद काढायला टोळीबरोबर येते. एका हातानं बरगडी धरलेली, श्वास जपून घेत होती.

"मावशी हाईत का वो घरात?"

मला आधी कळेचना, कोण मावशी. मग कळलं. "आत्ती गेल्या. गेल्या वर्षी."

"आगं बया!" ती मटकन खालीच बसली. "चांगल्या व्हत्या की. पाटी उचलाय गेले आन छातीत भरली बगा उसण. म्हनलं, मावशींचा पाय लागला म्हंजी कामाला मोकळी." मग बसल्या बसल्याच वळली आणि माझ्याकडे पाठ केली. "तुमीच ठिवा की मंग."

"मी पायाळू नाही."

"नसंना. त्यांच्या घरातलं हाय ते."

माझ्या छातीचा पट्टा एक भोक पुढं सरकला. चौकटीला धरून मी उभी होते, आत्ती उभी राहायची तिथंच, आणि समोर ती वाकलेली पाठ. मी पाय नाही उचलला. काठी टाकली, भिंतीला धरत धरत उंबऱ्यावर बसले आणि फौजींना हाक मारली. ते परड्यातून आले. बाईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि किल्ली घ्यायला आत गेले.

"दवाखान्यात कशाला वो?" बाई घाबरून म्हणाली. "उसण तर हाय. कामाचा खाडा हुईल."

"होऊ दे," मी म्हणाले, आणि तिच्या पदराखालून डावा हात तिच्या पाठीवर ठेवला. ब्लाऊज सुती होता, धुऊन धुऊन विरलेला. कोरडा होता. खालची पाठ कोरडी होती, कामानं तापलेली, जिवंत. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

"काय लागतंय का वो हाताला?" तिनं मान न वळवता विचारलं.

"ऊब लागतीये," मी म्हणाले. मला रडू फुटलं होतं, आणि हात काही उचलत नव्हता.